गोठलेलं औषध

दुपारच्या ड्यूटीला जातेय. पोरगी रडून रडून झोपलीय, उठवू नकोस. तुझं जेवण ओट्यावर झाकून ठेवलंय.

आज डॉक्टरांनी तिची उंची मोजली. सहा महिन्यांत जेमतेम अर्धा सेंटिमीटर. औषध कुठे ठेवता, असं नर्सनं विचारलं, तर मी छातीठोकपणे फ्रिजमध्ये म्हणून सांगितलं. घरी येऊन बघते तर वाढीच्या इंजेक्शनांचा खोका फ्रीजरमध्ये, बर्फाच्या ट्रेमागे. दर महिन्याला आणून तूच ठेवतोस, आणि लागेल तसं एकेक खाली फ्रिजमध्ये काढतोस; मला तेवढंच दिसायचं. वाटलं असेल, जितकं गार तितकं चांगलं. गोठलं की ते वाया जातं, हे पहिल्याच दिवशी आपल्याला बजावलं होतं. तू तेव्हा फोनवर होतास. म्हणजे सहा महिने मी रोज तिच्या मांडीत फुकटच सुई खुपसली.

उद्या नवं औषध मिळेल. पण मनगटाचा एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, तिची हाडं फार तर आणखी वर्षभर वाढतील. गेलेले महिने गेलेच.

मी फ्रीजरचं दार लावत होते, तेवढ्यात ती मागून येऊन म्हणाली, "आई, सुई टोचताना मी हलते, म्हणून उंची वाढली नाही का?" मी हो म्हणाले. खरं सांगितलं असतं तर तिनं तुझं तोंड पाहिलं नसतं, आणि या घरात तिचे लाड करणारा तू एकटाच आहेस.

उद्यापासून इंजेक्शन तू द्यायचंस. ती आधी तुला सॉरी म्हणेल. ते गुमान ऐकून घ्यायचं, आणि मग टोचायचं.