टोपणावरचं कुंकू

परळ, रविवार

प्रिय अक्षता,

तुझ्या रेसच्या बाइकचा क्लच आज बसवला. वर्षभर ती माझ्या गॅरेजच्या कोपऱ्यात पोट उघडं टाकून पडली होती आणि तू तिच्याकडे, माझ्याकडेही, ढुंकून पाहिलं नाहीस. परवा कमलकाकू आल्या. म्हणाल्या, "अक्षू म्हणते, रेसची गाडी विकून टाकायची. तेवढी चालू करून दे." काकांना जाऊन जेमतेम महिना होतोय, आणि असले निरोप तू आईच्या हाती धाडतेस. असो. तुझ्यावर रागवायचा हक्क गेला, सवय तेवढी उरली आहे.

कोइमतूरची ती रेस मी काही केल्या विसरत नाही. तू पुढे होतीस. मी ट्रॅककडेच्या भिंतीपाशी उभा राहून घसा फोडत होतो. सरळ पट्ट्यावर तू मूठ पिळलीस, इंजिन नुसतं किंचाळलं आणि गाडी पळेचना. काटा लाल रेषेवर, वेग बैलगाडीचा. मागच्या पोरी एकेक करून तुझ्या पुढे गेल्या. हेल्मेट काढून तू एवढंच विचारलंस, क्लच कोणी बांधला होता? मीच बांधला होता. आपल्या दोघांखेरीज तिसऱ्या कोणी तुझ्या गाडीला पाना लावायचा नाही, हा तुझाच नियम.

मुंबईला आल्या आल्या गाडी उघडली. खरं सांगू, मलाही वाटलं होतं की घोळ माझाच असणार. आधी केबल पाहिली. ती ताणलेली राहिली तर क्लच अर्धवट सुटलेलाच राहतो. पण लिव्हरला हवी तेवढी ढील होती. स्प्रिंगा सगळ्या एका उंचीच्या. लोखंडी प्लेटा काचेवर ठेवून पाहिल्या, एकही वाकलेली नाही. घर्षणाच्या प्लेटा मापात होत्या, पण तापून तापून अशा गुळगुळीत झालेल्या की बोट ठरेना. मग ऑइल काढलं. त्याचा रंग वेगळा, वासही वेगळा. मी भरलेलं ते नव्हतंच, मोटारीचं होतं. आपल्या गाडीचा क्लच इंजिनाच्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो हे तुला सांगायला नको. मोटारीचं भारी ऑइल निसरडं, त्यात प्लेटा एकमेकींना धरणार कशा? मी ऑइल भरायचं टोपण उलटं करून पाहिलं. त्याच्या पेचाच्या आट्यांमध्ये कुंकू होतं.

रेसच्या आदल्या आठवड्यात दसरा होता. काकूंचा हट्ट म्हणून गाडी पूजेला लालबागला, तुमच्या चाळीखाली, काकांच्या टॅक्सीशेजारी लावली होती. मी तसाच उठून तिकडे गेलो. काका टॅक्सी पुसत होते. तू रेसिंग धरलंस तेव्हापासून ते तुझ्याशी जेवायला वाढ म्हणण्यापुरतं बोलायचे, "मरूक चलली हा," असं चाळभर सांगत फिरायचे, हे मला माहीत होतं. मला बघून त्यांनी इकडे-तिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "चेडवाच्या गाडयेक भारीतला ऑइल घातलंय हां. माझ्या टॅक्सीक कधी घालूक नाय तसला. पयली इली मां?"

पोरगी पहिली आली ना, असं विचारणाऱ्या बापाला मी काय सांगणार होतो? तू तर घरी येऊन कोणाशी चकार शब्द काढला नव्हतास. मी म्हटलं, ऑइल झक्कास होतं काका, माझंच काम चुकलं. त्यांचा चेहरा उतरला. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "पुढच्या येळेक जिंकतला." आणि वर बजावलं, "अक्षूक सांगू नको, माका लाज वाटता."

तुलाही मी तेच सांगितलं, माझं काम चुकलं. तू म्हणालीस, ज्याच्या हातांवर भरवसा ठेवून मी वळणात झुकते त्याचेच हात असे असतील, तर मला ते हात नकोत. वाटलं होतं, राग उतरेल. तू मुळातच तापट, आणि मी तुझे राग कमी का झेललेत! पण तू आलीच नाहीस. मला तू हवी होतीस अक्षता, अजून हवी आहेस, आणि ते तुझ्यापर्यंत पोचवायचा एकच रस्ता होता, जो काकांवरून जात होता. तो मला घेता आला नाही.

हे मी मनातच ठेवणार होतो. पण काकांच्या तेराव्याला मी जिन्यापाशी उभा होतो आणि तू आत्याला सांगत होतीस, रडतही नव्हतीस, की बाबांनी माझ्या गाडीला मरेपर्यंत कधी हात लावला नाही. लावला होता गं. तुझ्यासाठीच लावला होता. तू हरलीस ती त्यांच्या मायेपायी, हे वाचून तुला फार दुखेल, ठाऊक आहे. पण त्यांनी कधीच हात लावला नाही असं समजून जगशील, तर ते त्याहून वाईट. नव्या प्लेटा बसवल्यात, जुनं ऑइल दोनदा धुऊन काढलंय. क्लच आता धरतो. गाडी विकायची की नाही ते तू ठरव, मी काकूंकडे किल्ली देऊन येतो. बाकी सगळं साफ केलंय, टोपण तेवढं पुसलेलं नाही.

आता तुझा म्हणवून घेता येत नाही, तरी तुझाच,
जगदीश