चार साखळ्या

२१ सप्टेंबर
आली एकदाची! इच्छापोरच्या मिस्त्रीने बनवलेली केबिन आज आमच्या पिकअपच्या हौद्यावर बसली. आत गादी, पंखा, ड्रायव्हरच्या बाजूला उघडणारी खिडकी. चार कोपऱ्यांना चार साखळ्या, प्रत्येकीला ताण द्यायचा स्क्रू. एवढ्याच भरवशावर सगळं! जयंत नवरदेवासारखे मिरवताहेत. कंबर मोडल्यापासून सासूबाईंना बसवत नाही. म्हणून झोपवून न्यायचं त्यांना, नंदुरबारकडे, गावी. अकरा वर्षांनी.

२८ सप्टेंबर
रिकामी केबिन घेऊन चलथाणपर्यंत जाऊन आलो. गतिरोधकावर मागे धाडकन आवाज! उतरून बघते तर केबिन चार बोटं सरकलेली. हे हसतात — "साखळ्या नव्या आहेत गं. निघायच्या आधी ताणून बघायच्याच असतात, मिस्त्रीने बजावलंय." आत आई असत्या तर? नेऊ नका म्हणून साफ सांगितलं. ऐकतंय कोण! रविवारी निघणार म्हणजे निघणार.

३० सप्टेंबर
केलं. जयंत बँकेत गेले तेव्हा मागचे दोन्ही स्क्रू पान्याने सैल केले. तीन-तीन फेरे. रविवारी तपासतील, सैल दिसतील, हे काही टिकत नाही म्हणतील आणि बेत मोडेल. लबाडी आहे. असू दे.

१ ऑक्टोबर
डोळ्याला डोळा नाही. परत घट्ट करावेत म्हणून उठले, तर पाने-हातोड्या सगळं देवापुढे! धुऊन, हळदकुंकू लावून. दसऱ्याच्या पूजेला मांडलेल्या हत्याराला उत्तरपूजेपर्यंत हात लावायचा नाही — आईंचा दंडक. सासरे मागावर कापड विणायचे तेव्हापासूनचा. मी आपली परत फिरले. रविवार लांब आहे.

२ ऑक्टोबर, दसरा
फाफडा-जलेबीच्या रांगेत दीड तास गेला. घरी येते तर दारात पिकअप नाही! शेजारच्या सरलाबाई कौतुकाने सांगतात, आई हटूनच बसल्या — "आज दसरा से. रविवारनी वाट कसाले दखस? माले गावले ली चाल!" सीमोल्लंघन म्हणे! चौघांनी उचलून आत झोपवलं.

पाना देवापुढेच आहे. वर झेंडूचं फूल, तसंच. म्हणजे तपासलंच नाही! कशाने तपासणार? देवा, मी काय करून बसले!

१०.४०
नववा फोन. गाडी चालवताना ते फोन घेत नाहीत. मीच भांडून लावलेली सवय.

११.०५
उचलला! आज सवय मोडून, चालवतानाच. आवाज खुशीत — "सोनगड आलं गं. आई म्हणतेय, पाळण्यासारखं हलतंय, मस्त डुलकी लागली."
सांगून टाकलं. सगळं.
करकचून ब्रेक. मागून आईंचा आवाज — "काबर थांबना रे?"
जयंतनी फोन ठेवला नाही. दार उघडल्याचा आवाज आला, मग मागे साखळी ओढून बघितल्याचा खणखणाट.