सुभद्राच्या भावाची केस

४ नोव्हेंबर २००३
संस्थेच्या गृहभेटीसाठी आरोंद्याला गेले. खाडीकाठी, होड्या ठेवायच्या मांगरात, एक माणूस खांबाला साखळीने बांधलेला. गुरुदास, वय अडतीस. पूर्वी बोटीवर खलाशी. सात वर्षांपूर्वी परत आला तो कानात आवाज घेऊनच. मोठी बहीण सुभद्रा, त्याची 'बाय', मासे विकते. घरात दोघंच.
म्हटलं, माणसाला असं बांधणं गुन्हा आहे. ती बांगडे निवडत होती. मान वर केली नाही.
"मी बाजाराक गेलंय काय हो खाडीत उतारता. दोनदा केसांक धरून काढलंय. मगे तुमी बसतल्यात हंय?"
फॉर्म भरला. 'समस्या' या रकान्यात लिहिलं — साखळी.

५ नोव्हेंबर
जान्हवीताईंनी, म्हणजे ऑफिसातल्या माझ्या वरिष्ठांनी, फॉर्म वाचला. "साखळी तिने काढलेला मार्ग. चुकीचा, पण मार्ग. बांधते कधी, सोडते कधी?"
विचारलंच नव्हतं. आठ वर्षं नोकरी झाली माझी.

११ नोव्हेंबर
विचारलं. नऊ ते एक. एरवी मोकळाच असतो, जाळी सांधतो. म्हणजे प्रश्न चार तासांचा.
शेजारचा बाबू होड्या रंगवतो. म्हटलं, सकाळचं काम मांगरात करशील का?
"करीन. पण तेणा माका मारल्यान तर?"
आजवर कुणाला मारलंय?
"नाय."
मग?
"मारल्यान तर, म्हणतंय."
तयार झाला.

२० नोव्हेंबर
तिघं एसटीने कणकवलीला, मनोविकाराच्या डॉक्टरांकडे. सुभद्राने वाटभर त्याचा सदरा मुठीत धरला होता. डॉक्टरांनी विचारलं, आवाज काय म्हणतात?
"'ये' म्हणतत."
सुभद्रा त्याच्याकडे बघत राहिली. तिला हे माहीत नव्हतं. गोळ्या सुरू.

१५ डिसेंबर
बाबू रोज बसतो. साखळी सुटली. पण गुरुदास दिवसभर झोपून. सुभद्रा म्हणाली, "हो झोपलेलो बरो, काय आदीचो बरो?"
मला माहीत नाही, असंच सांगितलं.

२७ जानेवारी २००४
डॉक्टरांनी डोस कमी केला. आवाज आता "लांबसून येतत."

१८ फेब्रुवारी
गुरुदास बाबूबरोबर होडी रंगवतो. सुभद्रा पायरीवर बसून होती. बोलली नाही फारशी. मीही घाईत होते, चारची एसटी होती.
जान्हवीताई म्हणाल्या, फाइल बंद करायला हरकत नाही.

९ मार्च
गुरुदास एकटाच एसटीने ऑफिसात आला. मी त्याची फाइल काढायला उठले.
"माजी नको. बायची करा. आठ दिस झाले, उठणा नाय, जेवणा नाय, बाजाराक जाणा नाय. इचारलंय तर म्हणता, आता माजा काय काम?"
तिचं वय विचारलं. बावन्न, म्हणाला.
मला साठीच्या पुढची वाटली होती.