तळाशी राहिलेलं औषध

प्रताप नगर, नागपूर
२३ नोव्हेंबर २०२४

चि. उन्नतीस,

आशीर्वाद. डोकं फिरलंय माझं, तरी आशीर्वाद. आई-बाबांना नमस्कार सांग. तुमच्या कुहीकडे धानाची कापणी आटोपत आली असेल. इथे थंडी सुरू झाली आणि वॉर्डात खोकल्याची लेकरं वाढली.

फोन बंद करून बसलीस. काहून वं? मी काय खाऊन टाकणार होते तुला? लहान मुलांच्या वॉर्डात औषधं शिकायला आलेली रेसिडेंट न सांगता बॅग उचलून गावी निघून जाते, असं माझ्या नोकरीत पहिल्यांदाच झालं. तुझ्या जागी तुझ्या मागची ट्रेनी मयुरी औषधाच्या पुड्या बांधून राहिली आहे. तिची पुडी सुटते. मी ओरडते, ती रडते, मग आम्ही दोघी चहा पितो.

तू गेलीस तेव्हा अपूर्व व्हेंटिलेटरवर होता. जाताना तुझा मेसेज आला होता, "मॅडम, बाळ कसं आहे?" मी उत्तर टाइप केलं, पुसलं, परत टाइप केलं. मग फोन पर्समध्ये टाकून दिला. आता लिहिते. बाळ गेलं, उन्नती. मंगळवारी सकाळी. त्याची आई रीना त्याची लोकरीची टोपी मुठीत धरून बसली होती, कोणाला हात लावू देईना.

आता नीट वाच. तुझी पुडी चुकली नव्हती. रीनाच्या पिशवीत उरलेल्या पुड्या मी स्वतः वजन करून पाहिल्या. लहानांचं सिरप येत नाही, म्हणून मोठ्यांची झटक्याची गोळी खलात कुटून बाळाच्या वजनाप्रमाणे पुड्या बांधायच्या, ते तू बरोबरच केलंस. पाण्यात कालवून पाज म्हणून सांगितलंस, तिच्याकडून परत म्हणवूनही घेतलंस. चूक कुठे झाली ते मला तिच्याशी बोलताना कळलं.

मी विचारलं, "रीना, पुडी रोज देत होतीस ना?"

"रोज, मॅडम. एक बी दिवस चुकवला नाही. वाटीत कालवत होती, गाळ खाली बसू देत होती, न वरचं नितळ पाणी पाजत होती. तान्ह्या लेकराले गाळ कसा देऊ? पोटात बसला असता ना!"

तिची सासू काढा तसाच देते. निवू द्यायचा, वरचा पाजायचा, तळ फेकायचा. आणि ती गोळी पाण्यात विरघळत नाही. सगळं औषध त्या गाळातच होतं. ते पोर नुसतं पाणी पीत राहिलं, आणि आपण वॉर्डात म्हणत राहिलो की झटके काहून थांबत नाहीत. "कालवून पाज" हे आपण सांगितलं, "वाटी घे आणि मला पाजून दाखव" हे कधीच म्हटलं नाही. कारण मी तुम्हाला तसं शिकवलंच नाही. बाळाच्या मृत्यूची चौकशी करणाऱ्या समितीपुढे मी हेच सांगितलं आहे. तुझं नाव घेऊ दिलं नाही.

मग तिने विचारलं, "औषध तं मी बराबर देलं ना, मॅडम?"

मी हो म्हटलं. तिच्या डोळ्यात डोळे घालून खोटं बोलले, आणि तिने परत विचारलं तर परत बोलेन. हे बरोबर की चूक ते तू मला सांगू नकोस.

"त्या उन्नती मॅडम मले मन लावून सांगत होत्या," असंही ती म्हणाली. ते ऐकून मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले.

आता पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं ते. तेव्हा लिहिलं असतं तर तू बाकीचं वाचलं नसतंस, सारा दोष अंगावर घेऊन थरथरत निघाली असतीस, आणि मला तुझे हात स्थिर हवे आहेत. पुड्या घेऊन गेलेल्या सगळ्या घरी मी आणि मयुरीने फोन लावले. निम्म्याहून जास्त आया वरचं पाणीच पाजत होत्या. सगळ्यांना बोलावून घेतलं. एकच घर लागत नाही. कवडूजींची नात चिन्मयी. फोन बंद, आणि पत्त्यात नुसतं "तालुका कुही". तू त्या आजोबांशी तासतास गप्पा मारायचीस. त्यांचं गाव, घर तुलाच माहीत आहे. मागच्या भेटीत पोरीला परत झटके आले होते, आठवतं ना?

हे पत्र घेऊन तुझ्याच बॅचचा वैभव आला आहे. त्याला चहा-बिहा विचारत बसू नको. त्याच्या गाडीवर बस आणि जा. चिन्मयीच्या आईला वाटी आणायला सांग, तिच्याच हाताने कालवू दे, ती काय पाजते ते बघ. काहीही असो, पोरीला घेऊन सगळे थेट वॉर्डात या. ट्रेनिंग सोडायचं असेल तर नंतर सोड, मी अडवणार नाही. रडायचं तेही नंतर.

तिच्यासाठी पलंग राखून ठेवला आहे. अपूर्वचाच आहे. दुसरा रिकामा नाही.

वाट बघत,
तुझी हर्षा मॅडम