आढ्याला टांगलेले जोडे

ता. ३ डिसेंबर १९३४, सोमवार

निघालो होतो सुरतेला, पोचलो रनाळ्याला. तिकीट तपासणाऱ्याने मानगुटीला धरून खाली उतरवलं तेव्हा गाडी हलली होती, म्हणून माझी ढोलकी आत आणि मी बाहेर. वाईट वाटायला हवं होतं. पण खाली पाय टेकतो तोच वास आला, उकळत्या उसाच्या रसाचा, आणि पाय आपोआप तिकडे वळले. माझे पाय असेच आहेत. शाळेत मास्तर म्हणायचे, नवल, तुझं डोकं फळ्याकडे आणि पाय शिवेकडे. म्हणूनच चौथी राहिली. पुढे तमाशाचा फड, धुळ्याचं हॉटेल, मनमाडचा लोहार, कुठेच दोन महिन्यांवर टिकलो नाही. ही वही फडातल्या सोंगाड्याची. सुरुवातीची चार पानं त्याच्या गाण्यांची आहेत, एक तर फारच चावट आहे, पण ते जाऊ दे.

अर्धा कोस चाललो. विहीर, बैलांचा चरक आणि मोठ्या चुलाणावर लोखंडी काहील, मी आडवा झोपलो तर मावेन एवढी. मालक गिरधर पाटील, चाळिशीचा, हसरा. नाव-गाव विचारण्याआधी त्याने रसाचा तांब्या हातात दिला. मग त्याची आई गजराबाई पितळी परात घेऊन आली आणि माझे पाय धुवायला बसली. मी उडालोच. म्हणाली, "बैस भाऊ. गुऱ्हाळवर कामले जो येस त्याना पाय धुवाना, हाई आमनी रीत शे." धुतले, पदराने पुसले आणि माझे जोडे उचलून घेऊन गेली. चुलाणापाशी चामडं चालत नाही, हंगाम सरला की परत देतात म्हणे. लाल कातड्याचे आहेत, सारंगखेड्याच्या जत्रेतले, चालताना कुर्र वाजतात.

झोपडीच्या आढ्याला आठ जोड टांगलेले होते. माझा नववा. मी म्हटलं, पाटील, जोड्यांचं दुकान काढलंत की काय? यांचे धनी अनवाणीच गेले? गिरधर म्हणाला, "त्यासले मंग लागनातच नहीत." सगळे पोट धरून हसले. मीही हसलो. चांगली माणसं आहेत.

ता. ६, गुरुवार

गूळ करायचा म्हणजे रस आटवायचा, एवढंच मला वाटत होतं. तसं नाही. इथल्या विहिरीचं पाणी खारं, म्हणून ऊस खारवट, आणि त्याचा पाक मोठा लहरी. जरा आधी उतरवला तर नुसती काकवी, जरा उशीर झाला तर करपून कोळसा. ती वेळ फक्त रेवजीबाबाला कळते. तो इथला गुळव्या, म्हातारा, हातात चांदीचं कडं. काहिलीशेजारी बाजेवर बसून असतो. एवढी धग, तरी गुडघ्यांवर गोधडी! डोळे मिटून काहिलीची बदबद ऐकतो. मग हात गार पाण्यात, झट्‌दिशी उकळत्या पाकात, परत पाण्यात. बोटांना चिकटलेल्या पाकाची गोळी वळून परातीवर मारतो. टण्‌ वाजली की ओरडतो, "उतरा!"

मग गिरधर, त्याचा चुलतभाऊ सुकलाल आणि दोन गडी काहिलीच्या कड्यांत दांडे घालून ती उचलतात. ती खाली टेकेपर्यंत दांडा सोडायचा नाही. साप चावला तरी नाही, कारण एकाने सोडला तर चौघे भाजून मरतील. जाळ घालायचं कामही सुकलालचंच. बोलत नाही, नुसती लाकडं फोडतो.

आज एक गंमत झाली. पाक होत आला की बदबदीचा सूर चढतो. दोरी आवळल्यावर ढोलकीचा चढतो ना, तसा. मी ढोलकीवाला, मला कळणारच. रेवजीबाबाने हात पाण्यात घालायच्या आधीच मी म्हणालो, "आता." त्याने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

ता. ९, रविवार

तीन दिवस त्याने मला हाताशी धरून शिकवलं. बोटं पोळली, पण गोळी वाजली! आजच्या दोन्ही काहिली माझ्या शब्दावर उतरल्या. ढेप अशी पिवळीधमक की नंदुरबारचा अडत्या दोनदा बोट लावून बघेल. गजराबाईने माझी दृष्ट काढली, कळण्याच्या भाकरीवर तुपाचा गोळा ठेवला. तिला आता मी मायच म्हणतो. गिरधर म्हणाला, "तुन्हा कान सोनाना शे, नवल. तुन्हाबिगर आमनं काय व्हई?"

आयुष्यात पहिल्यांदा कोणी मला असं म्हटलं. सगळीकडे मी जास्तीचा माणूस होतो. माझ्याशिवाय आता यांचं पान हलायचं नाही. हे वाक्य लिहून मी चार वेळा वाचलं.

रेवजीबाबा गिरधरला म्हणाला, "पोऱ्या तयार व्हयना. आते माले घर जाऊ दे." गिरधर लगेच हो म्हणाला.

ता. १०, सोमवार

सकाळी सुकलालने रेवजीबाबाला उचलून गाडीत घातलं तेव्हा गोधडी सरकली. त्याला पाय नाहीत. दोन्ही घोट्यांपासून खाली काही नाही, नुसती गाठ मारल्यासारखी कातडी.

मी गिरधरला विचारलं. म्हणाला, मागे काहिलीत पडला होता बिचारा. रेवजीबाबाने माझा हात धरला, पण माझ्याकडे बघेना. "भाऊ, मन्हावर राग धरू नको. माले घर जावानं व्हतं."

राग कशाचा धरू? म्हाताऱ्यांचं काही कळत नाही. त्याचं घर तळोद्याच्या पलीकडे. बैलगाडीने दोन दिवस. पण दुपारची काहील उतरायच्या आत गाडी परत आली. म्हातारा नाही, नुसती पाचट भरलेली; सुकलालने ती चुलाणापाशी नेली. रेल्वेने गेला असेल.

ता. १३, गुरुवार

परात घासायला चुलाणातली राख काढली. राखेत कडं सापडलं. अर्धं वितळलेलं, चांदीचं.

दुपारभर ओकत होतो. माय पाठीवरून हात फिरवत होती, ऊन लागलं म्हणाली.

मग शांतपणे विचार केला. रेवजीबाबाची गरज उरली नाही, म्हणून त्याला जाळला. माझी गरज आहे. तेव्हा पाकाची वेळ दुसऱ्या कोणाला कळता कामा नये, म्हणजे मला धक्का लागणार नाही. आता सूर चढायच्या वेळी मी मुद्दाम मोठ्याने खोकतो, गाणं म्हणतो, गोळी पाठ फिरवून वळतो. सुकलाल कान देऊन ऐकत होता, त्याला काही उमगलं नाही. माझीही अक्कल काही कमी नाही.

ता. १९, बुधवार

उद्या सारंगखेड्याची जत्रा. संधी बरी आहे. हसत हसत म्हटलं, पाटील, एक दिवस घोडे बघून येतो, जोडे द्या. गिरधरही हसत हसत म्हणाला, घोडे पुढच्या वर्षी बघ. कोणाला शिकवून तरी जा. तू तर कोणाला शिकवतही नाहीस.

जोडे वरच आहेत. आढं उंच आहे आणि खाली सुकलाल बसलेला असतो. अनवाणीच निघतो.

ता. २६ असावी. माय म्हणते बुधवार

वही उशाखाली होती. मायने काढून घेतली नाही. तिला वाटतं मी रामनाम लिहितो.

तोडलेल्या उसाच्या शेतातून पळालो. उसाची खुटं सुरीसारखी असतात. अर्ध्या शेतातच पाय फाटले. रस्त्याने गेलो असतो तर— जोडे असते तर—

भर दुपारी मला धरून आणलं. सगळे कामावर. चरक फिरतच होता.

माय परात घेऊन आली. माझे पाय धुतले. खुटांची एकेक चिलपी काढली. पदराने पुसले. मला वाटलं, सुटलो.

मग लाकडं फोडायचा ओंडका पुढे घेतला. गिरधरने खांदे दाबले. सुकलालची कुऱ्हाड— एका घावात नाही. डाव्याला तीन लागले. रक्त थांबावं म्हणून वर उकळती काकवी ओतली. मी ओरडत होतो आणि मला काहील ऐकू येत होती. सूर चढला होता. मीच ओरडलो, "उतरा!" का ओरडलो?

गिरधरच्या डोळ्यांत पाणी होतं. "पायस्नं काय काम शे तुले? तुन्हा कान शे, हात शे."

आता बाजेवर मी. गुडघ्यांवर गोधडी.

ता. २ जानेवारी १९३५

काहील मुद्दाम करपवली. म्हटलं, मारून टाकतील एकदाचे.

गिरधर रागावलासुद्धा नाही. डाव्या हाताची दोन बोटं. ओंडक्यावर. उजव्याला माय तूप चोळते. उजवा त्यांना हवा आहे.

ता. ९

नवा माणूस आला. दावीद, नवापूरच्या डोंगरातला. माझ्याच वयाचा. मिशनच्या शाळेत शिकला, मिशनच्याच देवळात भजनं गातो, इथेही गातोय. मायने पाय धुतले. त्याने आढ्याकडे बघून जोडे मोजले आणि तोच विनोद केला. सगळे हसले.

मीही हसलो. सुकलाल बघत होता.

ता. १२

दावीद आज माझ्या आधी म्हणाला, "आता."

मी त्याच्याकडे पाहिलं. बराच वेळ.

गिरधरने ऐकलं. बाहेर सुकलाल गाडीच्या चाकांना वंगण घालतोय. दावीद राहिला तर मी चुलाणात. पुढे कधीतरी त्याचे पाय ओंडक्यावर. तो पळाला तर मी जन्मभर या बाजेवर.

माझ्याच वयाचा, पण मला बाबा म्हणतो. विचारलं, बाबा, तुम्ही काहिलीत पडला होतात ना? सुकलाल दोन हातांच्या अंतरावर उभा. मी हो म्हटलं.

पण त्याला वाचता येतं.

ता. १४, संक्रांत

पान फाडून त्याच्या भाकरीखाली दिलं. लिहिलं की— मी पडलो नाही, माझे पाय तोडले. आढ्यावरचे जोड बघ. मी "उतरा" म्हटलं की चौघांचे हात दांड्यांत अडकतील. तेव्हा पळ. खुटांतून नको, रस्त्याने. लाल जोड माझा आहे, तो घे. तुझे फाटलेत.

वाचलं. घास तसाच तोंडात. माझ्या गोधडीकडे बघितलं.

सूर चढला नव्हता. मी ओरडलो, "उतरा!"

चौघांनी काहील उचलली. दावीदने ओंडक्यावरून उडी मारून जोडे ओढले आणि सुटला. पायात घातलेसुद्धा नाहीत, छातीशी धरून पळाला, वेडा. गिरधर शिव्या देत होता पण दांडा सोडता येईना. मी हसत होतो. पहिल्यांदा, इतक्या दिवसांनी—

रनाळ्याकडे गाडीची शिट्टी झाली. मग काहील टेकवून त्याच्यामागे धावलेले तिघं हात हलवत परत आले. तो सापडला नाही.

पान सापडलं. बाजेखाली पडलं होतं. गिरधरने सगळं वाचलं. घडी घालून खिशात ठेवलं. मारलं नाही. म्हणाला, तुझ्याशिवाय आमचं चालणार नाही, नवल, पण कान असला म्हणजे झालं. तू सूर सांग, गोळी सुकलाल वळेल. हात तुला फक्त लिहायला लागतो.

ओंडका आणलाय. ऊन आहे. चरक फिरतोय. घाईत लिहितो, पेन्सिल ओली होतेय—

माय आली. कोमट पाणी. परात मांडीवर ठेवली. म्हणते, भाऊ, ते रामनाम बाजूले ठेव, हात पुढे कर, हात धु