खिळा ठोकायचा नाही

४ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

घर मिळालं. दवाखान्याच्या मागच्या रस्त्यावर, तळमजल्यावर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. सामानासकट आहे. वसतिगृहातली एक ट्रंक एवढाच माझा संसार, तेव्हा सोयीचंच झालं. पलंग, गादी, टेबल, खुर्च्या, पडदे, कपबश्या, सगळं घरमालकीणबाईंचं. त्या शेजारीच राहतात. ताबा देताना त्यांनी एकेक वस्तू हात लावून दाखवली. टेबलावरचा ओरखडासुद्धा दाखवला आणि म्हणाल्या की हा आमचा आहे, तुमच्यावर येणार नाही. भिंतीत खिळा मात्र ठोकायचा नाही. मी म्हटलं की आमच्याकडे टांगण्यासारखं काही नाहीच.

आई आली ती दाराशीच थांबली. मग पाहुण्यासारखी खुर्चीच्या कडेवर बसली. घरच्या माणसांना विचारलंस का, म्हणाली. मी म्हटलं, भाडं भरलं की घरची माणसं आपणच. तिला ते पटलेलं नाही. मी कप विसळायला घेतला की श्वास रोखून बघत असते.

डॉक्टरांनी तिच्यासमोर सांगितलं की बरं वाटेल. मला बाहेर बोलावून सांगितलं की जिना आता विसरा. ताई, आपल्या घराला जिन्याशिवाय वाट नाही. ती रोज विचारते, घरी कधी जायचं, आणि मी रोज पुढच्या महिन्यावर ढकलते. तू म्हणतेस तसं घर भाड्याने द्यायला हवं. बंद घर खराब होतं, हे खरं. पण घर दिलं हे तिला कळलं की उरलेलंही कळेल. तेवढं सांभाळ.

चष्म्याच्या दुकानातून दुपारनंतर सुटी मिळाली आहे. सकाळी भिंगं घासते, मग तिच्याजवळ असते.

भावोजींना नमस्कार. लोभ आहे तेवढा पुरतो. तो वाढवण्याच्या नादात उत्तराला उशीर करू नकोस.

तुझी,
धाकटी


२१ ऑगस्ट

चि. धाकटीस,
अ. आ.

उशीर केला, बोलून घे.

घर दिलं. नवराबायको आहेत, नुकतंच लग्न झालेले. तो टपालखात्यात, बदली होऊन आलाय. ती शाळेत चित्रकला शिकवते. दोन बॅगा घेऊन आले, म्हणून त्यांना सामानासकटच हवं होतं. आईचं सामान मी तरी कुठे ठेवणार? माझ्याकडे शिवणाच्या मशीनलाच वळायला जागा नाही. तिच्या साड्या तेवढ्या काढून आणल्या. तुझ्या बाईंसारखं वस्तू दाखवत फिरणं मला जमलं नाही. किल्ली हातात दिली आणि निघाले.

एक गोष्ट झाली. ती मुलगी म्हणाली की भिंतीवरचा फोटो काढला तर चालेल का. अनोळखी गेलेलं माणूस जेवताना बघत असतं, तिला अवघडल्यासारखं होतं. चुकीचं काही बोलली नाही. पण मला बाबांना काखेत घेऊन तो जिना उतरावा लागला. तुझे भावोजी खाली उभे होते, त्यांनी फोटो माझ्या हातातून घेतला आणि रुमालाने काच पुसली.

मग वाटलं, आईला सोबत होईल. ते परवा कामाला तिकडे येणार आहेत, त्यांच्याबरोबर पाठवते. तिला सांग, ताईने मुद्दाम पाठवलाय. ते काही खोटं नाही.

तिला जप, स्वतःलाही. माझा राग विसरायचा आणि माया लक्षात ठेवायची, हे जुनंच चालू दे.

तुझी,
ताई


२ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोटो पोचला. काच शाबूत आहे.

आईने तो मांडीवर घेतला, पदराने पुसला. मग उलटा केला आणि मागच्या दोरीकडे बघत बसली. ताईने सोबतीला पाठवलाय, असं मी सांगितलं. बरं केलं, म्हणाली. भिंतीवर लावता येत नाही म्हणून तो टेबलापाशी एका खुर्चीवर ठेवलाय. जेवायला आम्ही तिघं असतो. मी वाढताना गंमत केली की यांना काय वाढू. ती हसली. यांना मीठ कमीच लागायचं, म्हणाली.

त्या दिवसापासून ती बदलली आहे. बाईंच्या वस्तू आता तिच्यासाठी डोळ्यांत तेल घालून सांभाळायच्या वस्तू झाल्या आहेत. पेले बाईंनी जसे पालथे ठेवले होते तसेच ठेवायला लावते. मला खुर्चीच्या हातावर बसू देत नाही. पडद्याचा काठ उसवला होता, तो पडल्या पडल्या टाके घालून पूर्ण केला. मी म्हटलं, आपलं काय अडलंय? तर म्हणाली की कुणाच्या तरी हाताखालच्या वस्तू आहेत, आपल्या हातून नीट राहिल्या पाहिजेत.

आणि घरी कधी जायचं हे विचारायचं तिने थांबवलं. मला सुटल्यासारखं वाटतं. का थांबवलं, याचा मी विचार करत नाही.

औषधं बदलली आहेत. अंगात ताकद नाही. जेवण चिमणीएवढं.

तुझ्या पत्राची वाट दोघी बघतो. खुर्चीवरचे धरले तर तिघं.

तुझी,
धाकटी


१९ सप्टेंबर

चि. धाकटीस,
अ. आ.

तू तिला सांगितलंस का? खरं सांग, मी ओरडणार नाही.

मी काल घरी गेले होते. घरी म्हणजे त्यांच्याकडे. कपाटाची मूठ उपटून आलीय. नळ अखंड गळतो. दार इतकं जोरात ओढतात की चौकटीचा रंग उडालाय. मी त्या मुलीला नाही नाही ते बोलले. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली की कसं वापरायचं हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही. धाकटे, मी स्वतः नळ फिरवून बघितला, तरी गळतच होता. नळ कसा फिरवायचा हे आईच्या हाताला माहीत होतं, मला नाही. तीस वर्षं त्या नळाचं पाणी प्यायले मी.

बाबांच्या खिळ्याला तिची छत्री अडकवलेली होती.

रस्ताभर रडत आले. रात्री यांच्याशी बोलले. त्या दोघांना घर सोडायला सांगते. आईला घेऊन ये. खुर्चीत बसवून चौघांनी उचललं तर जिना काही मोठा नाही. वर पोचली की पुढचं पुढे. तिला विचार आणि लगेच कळव.

मनात काही ठेवू नकोस. मीही ठेवत नाही, हे दिसतंच आहे.

तुझी,
ताई


२५ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

विचारलं.

तिला सगळं माहीत होतं. मी नाही सांगितलं. फोटो आला त्याच दिवशी तिला कळलं. म्हणाली की ताईला सोबतीलाच पाठवायचा असता तर कपाटातला लहान पाठवला असता. भिंतीवरचा कुणी आपणहून काढत नाही, काढायला सांगितलं तरच काढतो. म्हणजे घरात कुणीतरी राहायला आलंय. म्हणजे आपल्याला परत जायचं नाही. एवढं तिने दोरीकडे बघत जोडून घेतलं. मग मला विचारायचं सोडलं, कारण रोज सकाळी मला खोटं बोलायला लावणं तिच्या जिवावर यायचं.

मी तिच्या पायाशी बसून राहिले. तिनेच मला थोपटलं.

त्या दोघांना काढायचं नाही, असं ती म्हणते. माणसांनी संसार मांडलाय, तो मध्येच उचलायचा नाही. खुर्चीत बसून वर जायला ती तयार नाही. चौघांनी उचलायची वेळ येईल तेव्हा येईल, आत्तापासून सवय कशाला, म्हणाली आणि स्वतःच हसली. मला हसता आलं नाही.

तुझं पत्र मी तिला वाचून दाखवलं, नळ आणि मूठ सगळं. तेव्हापासून ती त्या मुलीला पत्र लिहिते आहे. रोज दोन-तीन ओळी. मला वाचू देत नाही. अक्षर दिसत नाही म्हणाली, म्हणून तिचा चष्मा बदलला. भिंगं मीच घासली.

जमलं तर येऊन जा. वेळ लावू नकोस.

तुझी,
धाकटी


११ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुम्ही दोघं गेल्यावर घर सोडायचं काम केलं. आवरायला काहीच नव्हतं. तिच्या साड्या, चष्मा, फोटो. सगळं एका बॅगेत बसलं. ज्या पलंगावर ती गेली तो बाईंचा, चादर बाईंची, उशी बाईंची. धुतलं आणि घडी करून ठेवलं. ताई, कवटाळायला आपलं असं काही नसतं सामानासकट घरात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

बाईंनी एकेक वस्तू बघितली. पडद्यापाशी थांबल्या. शिवण बोटांनी चाचपली आणि कुणी घातली विचारलं. मी सांगितलं. त्यांनी पडदा नीट ओढून घेतला. मग म्हणाल्या की फोटो खुर्चीवर ठेवायला नको होता, मला म्हणाला असतात तर मी खिळा मारून दिला असता. मी किल्ली दिली.

आईचं पत्र सोबत आहे. उशीखाली होतं. त्या मुलीला नेऊन दे, आणि रागावू नकोस. मी वाचलंय. तूही वाच, पण पाकीट चिकटवून दे.

आता मोठी तूच. पूर्वी होतीसच, पण आता वर कुणी नाही.

तुझी,
धाकटी


ऑक्टोबर, तारीख विचारायला धाकटी घरी नाही

माझ्या घरात राहणाऱ्या मुलीस,
अ. उ. आ.

माझ्या मुलींच्या वयाची असशील, म्हणून ‘तू’ म्हणते.

पुढचं दार बंद करताना किंचित वर उचल, मग ओढ. ते पावसात फुगतं, एरवी शहाणं आहे. नळ जोरात पिळू नकोस. हलकेच फिरवून थोडा मागे आण, मग गळत नाही. कपाटाचं डावं दार आधी उघडायचं. मूठ निघाली असं कळलं. ती माझ्या हातातही यायची. खणात बटणांचा डबा आहे, त्यात तिचा स्क्रू सापडेल. बटणंही तुझीच समज.

गादीला खिडकीकडच्या बाजूला खळगा आहे. ती यांची बाजू. गादी उलटी करायला हवी होती, माझ्याने झाली नाही. तू कर.

भिंतीतला खिळा यांनी ठोकलाय. पोपडे पडले म्हणून मी दोन दिवस बोलले नव्हते. वाकडा आहे, पण पक्का आहे. छत्री लावलीस ते चांगलं केलंस. रिकामा ठेवू नकोस.

माझी थोरली येऊन बोलेल. जिना उतरेपर्यंत तिचा राग संपलेला असतो. तिला बसायला सांगत जा, ती तिथेच वाढली आहे.

फुटेल ते फुटू दे.

आणि एक. दिवस मावळला की जिना वाजतो. कुणीतरी कामावरून दमून चढत असल्यासारखा, मधल्या पायरीवर थांबून. घाबरू नकोस. दिवसभर तापलेलं लाकूड निवतं, त्याचा आवाज. हे गेल्यावर मी वर्षभर दार उघडून बघत होते. कुणी नसतं.

कळावे. घरावर लोभ असू दे.

तुझ्याआधी तिथे राहणारी