वास सगळ्यांनाच येत होता

प्रिय इराज,

'प्रिय' लिहिलं ते सवयीने. आज तू मला जराही प्रिय नाहीस, आणि हे पहिल्याच ओळीत सांगितलेलं बरं, म्हणजे पुढे काही गोड सापडेल या आशेने तू वाचणार नाहीस. त्या शुक्रवारपासून तू माझा फोन उचलत नाहीस. तुझ्या बायकोकरवी, फिरोझेकरवी निरोप मात्र वेळच्या वेळी येतात. रोशनकने मिठाई आणि फुलं घेऊन होणाऱ्या सासूच्या, बद्री खानमच्या दारी जावं, झाल्या प्रकाराबद्दल माफी मागावी, मगच मामा भाचीचं तोंड बघेल. तर ऐक. माझी मुलगी कुणाच्याही दारी जाणार नाही. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या या.

रोशनकचा बाप मन्सूर गेल्यापासून तू या घराचा कर्ता झालास आणि मीही ते चालू दिलं. रोशनकसाठी स्थळ तू आणलंस, माणसं तुझ्या दुकानातल्या ओळखीची. खोली गरम करणाऱ्या बुखारीची गॅसची नळीसुद्धा थंडी सुरू होताना तूच बदललीस. गॅसवाल्याला बोलवते म्हटलं तर म्हणालास, "का, मी काय मेलोय?" त्या दिवशी सकाळी रोशनक खोली झाडता झाडता म्हणाली, "आई, बुखारीमागे वास येतोय. चांगलाच येतोय." तू तिथेच बसून तबकात संत्री रचत होतास. मान वर न करता म्हणालास, "गॅस कचेरीला कळवलंत तर ते येऊन सील ठोकतील. मग पाहुणे बसतील दात वाजवत. हमदानच्या थंडीत एक खोली गरम ठेवता येत नाही, असं गावभर होईल. एक दुपार कळ काढा." मी खिडकी उघडून ठेवली. पाहुण्यांची गाडी वळणावर दिसली तशी तूच ती लावून घेतलीस आणि खाचेत चिंध्याही कोंबल्यास.

पाहुणे आले. मानाची जागा म्हणून आपण बद्री खानमला बुखारीशेजारी बसवायला निघालो. आपल्या रीतीप्रमाणे तिने नको नको म्हटलं, आपण हाताला धरून बसवलं. बसल्याबरोबर तिचा डोक्यावरच्या रुमालाचा पदर नाकाशी गेला. तो तसाच धरून ती म्हणाली, "वा, घर कसं छान उबदार आहे." तिचा नवरा डोळे पुसत चहाची तारीफ करत होता. मुलगा तेवढा सरकत सरकत दारापाशी पोचला होता. प्रत्येकाचं नाक काम करत होतं आणि जीभ कुणाचीच हलत नव्हती. पाहुण्यांना वाटत होतं, बोललो तर यजमानांचा अपमान. आपल्याला वाटत होतं, बोललो तर आपलीच अब्रू जाते. मी पण त्यातलीच, पिस्त्यांची बशी पुढे सरकवत होते. भीड ही भिकेची बहीण म्हणतात, इथे ती मसणाची बहीण व्हायची राहिली होती.

मग तू आईच्या कानाशी लागलास. मी शेजारीच होते, मला ऐकू आलं. "आई, इस्फंद जाळ. वास मरेल, आणि पोरीची दृष्टही निघेल." अरे, तुला वास येत होता. सगळ्यांत आधी तुलाच येत होता. आई बिचारी उठली, इस्फंदाचे दाणे आणि कोळसा घातलेली छोटी कढई बुखारीमागच्या कोनाड्यात ठेवली, वाकली आणि काड्यापेटी काढली. तेवढ्यात रोशनक चहाचं दुसरं तबक घेऊन आत आली. तिने तबक जमिनीवर टाकलं, आजीचं मनगट धरलं, भिंतीवरचा गॅसचा कॉक बंद केला, खिडकी उघडली आणि होणाऱ्या सासूला आयुष्यातलं पहिलं वाक्य ऐकवलं, "उठा. बूट राहू द्या. दिव्याच्या बटणाला हात लावू नका. बाहेर चला."

बद्री खानम मोज्यांवर बर्फात उभी राहिली याचं तुला मरणाचं दुःख झालं. रोशनकने रस्त्यावरून फोन केला, गॅस कचेरीचा माणूस आला, नळी हातात घेऊन बाहेर आला. तोंडावरची पट्टी न आवळताच बसवलेली. "या तोंडापाशी कुणी काडी ओढणार होतं का?" त्याने विचारलं. आईने काड्यापेटी अंगरख्यात लपवली. "वास कधीपासून येत होता?" शेवटी बद्री खानमच म्हणाली, "आम्ही आलो तेव्हापासूनच येत होता, पण लोकांच्या घरी असं कसं बोलायचं?" आणि हे सांगताना ती ताठ उभी होती, जणू मोठं पुण्य केलं. तुला तेव्हा शरम वाटली नाही. भर गल्लीत तू तिच्यापुढे हात जोडलेस आणि म्हणालास, "पोरीला वळण नाही, बापाविना वाढली." रोशनकने ते ऐकलं. ती रडली नाही, पण त्या दिवसापासून तिने तुझं नाव घेतलेलं नाही. मन्सूर असता तर त्याने तुला तिथल्या तिथे बर्फात पुरलं असतं. त्याच संध्याकाळी तू आईची गाठोडी बांधलीस, "गारठ्यात आणि अशा घरात आईला ठेवत नाही" म्हणून तिला तुझ्याकडे घेऊन गेलास.

आता हे पत्र का लिहिते आहे ते सांगते. आज दुपारी तुझ्या घरी गॅसवाले आले, सील ठोकून गेले. तू दुकानातून आलास आणि वरच्या मजल्यावरच्या समदी मास्तरांच्या दारावर लाथा घातल्यास, चुगलखोर म्हणून शिव्या दिल्यास, असं फिरोझे सांगत होती. मास्तरांनी काही केलेलं नाही. फोन मी केला. आधी पायऱ्या चढून त्या म्हाताऱ्या माणसाची माफी माग, माफीची तुला फार हौस आहे ना. तुझ्याही नळीची पट्टी आवळलेली नव्हती, कारण तीही तूच बसवली होतीस. तिथे वास येतोय हे मला कळलं कसं, तर आईकडून. अंगणात येऊन, तुझ्या बायकोच्या कानाआड तिने मला फोन केला. गुडघ्यांचं सांगितलं, लोणचं मुरलं का विचारलं, आणि मग हळूच म्हणाली, "इथेही तसाच वास येतो गं." मी म्हटलं, आत जाऊ नकोस, फिरोझेला हाक मारून बाहेर बोलाव. तर तेही तिला जमेना. शेवटी तिने छातीत कळ आल्याचं सोंग केलं आणि सुनेला बाहेर आणलं, कारण स्वतःच्या छातीला नावं ठेवली तर कुणाला वाईट वाटत नाही. मी तिच्यावर ओरडले. काय घडू शकतं हे तू डोळ्यांनी पाहिलंस, तरी इतके दिवस इराजला का सांगितलं नाहीस? ती म्हणाली, "तो किती प्रेमाने ठेवतोय मला, महलका. पाहुण्याने घराला नावं ठेवू नयेत." आपली आई, इराज. पोटच्या मुलाच्या घरी तिने मरण पत्करलं असतं, पण तोंड उघडलं नसतं.

राग उतरलेला नाही, तरी तुझीच बहीण,
महलका